अथेन्सच्या लोकशाहीचं सोडत-यंत्र

अधिकारपदं सोडतीने भरणं ही लोकशाहीची रीत आणि निवडणुकीने भरणं ही मूठभरांच्या राजवटीची, असं मानलं जातं हे ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवलं आहे. मतदान म्हणजेच लोकशाही असं शाळेपासून शिकलेल्या आपल्याला हे उफराटं वाटतं. पण निवडणुकीत पैसा, घराणं आणि वक्तृत्व यांना वजन येतं. चिठ्ठीला यातलं काहीच कळत नाही.

अथेन्सकरांनी त्यासाठी यंत्रच केलं होतं, क्लेरोटेरिऑन. उभ्या शिळेत ओळीने खाचा. न्यायमंडळावर बसू इच्छिणारा नागरिक आपलं नाव कोरलेली पट्टी आणायचा. या पट्ट्या पाच उभ्या रांगांतल्या खाचांमध्ये बसवत. बाजूच्या नळीत काळे-पांढरे फासे ओतलेले असत. खालून एकेक फासा सोडायचा: पांढरा आला तर त्या आडव्या ओळीतले पाचही जण आत, काळा आला तर पाचही जण घरी.

समजा २० ओळी आहेत आणि ५० माणसं हवीत. मग १० फासे पांढरे, १० काळे. प्रत्येकाला बरोबर निम्मी संधी. शिवाय प्रत्येक उभ्या रांगेतून सारखीच माणसं येतात. आजचे सर्वेक्षणकर्ते लोकसंख्येचे गट पाडून प्रत्येकातून नमुना घेतात, त्यामागचं तत्त्व हेच. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती वेळेची: ही निवड खटल्याच्या दिवशी सकाळी होई, त्यामुळे लाच नेमकी कोणाला द्यायची हेच आदल्या रात्री कळत नसे.

पाचशे जणांची नगरसभाही सोडतीनेच भरे. आयुष्यात दोनदाच तिथे बसता येई. सेनापती मात्र मतदानाने निवडत, कारण तिथे कसब लागतं. आणि स्त्रिया, गुलाम, परके रहिवासी यांची पट्टी त्या शिळेत कधीच लागली नाही. ‘सर्वांना समान संधी’ म्हणताना ‘सर्व’ म्हणजे कोण, हा प्रश्न यंत्र सोडवत नाही.

आपल्याकडे सोडत अजून जिवंत आहे. पालिका निवडणुकीआधी प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निघते. २०१७ साली मुंबईत एका प्रभागात दोन उमेदवारांना सारखी मतं पडली, तेव्हा निकाल चिठ्ठीनेच लागला. आयर्लंडने मात्र २०१६मध्ये यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ९९ नागरिकांपुढे थेट गर्भपाताचा प्रश्न ठेवला. तज्ज्ञांना ऐकून, चर्चा करून त्यांनी कायदा बदलण्याची शिफारस केली. मे २०१८च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी बदलाच्या बाजूने कौल दिला.