पार्श्वभूमी : खासगी एफएमचे जाळे आणि परवाना शुल्काचे गणित

रेडिओवर जाहिराती खासगी कंपन्यांनी आणल्या, हा समज चुकीचा आहे. विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून जाहिराती वाजू लागल्या, त्याही सर्वांत आधी मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर. १९९३ मध्ये आकाशवाणीने एफएमवरचे काही तास खासगी निर्मात्यांना विकत दिले. १९९८ मध्ये ते बंद झाले. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. खासगी स्टेशनांची वाट त्यातूनच मोकळी झाली.

खासगी एफएमच्या पहिल्या टप्प्यात ४० शहरांतल्या १०८ फ्रिक्वेन्सी लिलावात निघाल्या. बेंगळुरूत जुलै २००१ मध्ये देशातले पहिले खासगी स्टेशन सुरू झाले. मात्र प्रत्यक्षात हवेत गेली ती जेमतेम २१ स्टेशने. शुल्क ठरावीक आणि त्यात दरवर्षी १५ टक्के वाढ, ही मेख होती. पहिल्या वर्षी १ कोटी भरणाऱ्याला सहाव्या वर्षी २ कोटी भरावे लागणार. जाहिराती त्या वेगाने वाढोत वा न वाढोत. अनेकांनी बोली जिंकूनही परवाने सोडून दिले.

२००५ च्या दुसऱ्या टप्प्याने ही चूक दुरुस्त केली. एकदाच भरायचे प्रवेश शुल्क आणि पुढे दरवर्षी एकूण उत्पन्नाच्या ४ टक्के, त्याला एक किमान मर्यादा. उत्पन्न घटले तर शुल्कही त्या मर्यादेपर्यंत खाली येते. आज ज्याला आपण 'नेटवर्क' म्हणतो ते खऱ्या अर्थाने इथे उभे राहिले आणि चालू स्टेशनांची संख्या २४५ च्या घरात गेली.

महानगरांत मात्र जागाच अपुरी. एका शहरातल्या दोन स्टेशनांमध्ये ०.८ मेगाहर्ट्झचे अंतर राखले जाते. मुंबईच्या रेडिओवर ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३ ही ओळ त्यामुळेच दिसते. फ्रिक्वेन्सी मोजक्या म्हणून बोली चढत्या, आणि बोली चढल्या की ती रक्कम वसूल करण्यासाठी सगळे त्याच हमखास गाण्यांकडे वळतात. स्टेशने एकसारखी वाजतात याचा दोष फक्त निवेदकांना देणे अन्यायाचे आहे. स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते, एवढेच. मग वेगळेपण दाखवायला उरते काय?

२०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने परवाना १० वर्षांवरून १५ वर्षांचा केला आणि कंपनीला आपल्या सर्व स्टेशनांवर एकच कार्यक्रम लावण्याची परवानगी दिली. छोट्या शहरांत हा आधार मोठा. कार्यक्रम मुख्य स्टुडिओतून येतो, ठरलेल्या क्षणी संगणकाला इशारा मिळतो आणि स्थानिक जाहिराती सुरू होतात. इशारा दोन सेकंद उशिरा आला तर तेवढी शांतता ऐकू येते. मुख्य कार्यक्रमाकडे लवकर परतले तर शेवटच्या जाहिरातीतला दुकानाचा पत्ता कापला जातो, आणि जाहिरातदार ती पुन्हा वाजवून मागतो. खर्च वाचतो, पण गावच्या बोलीतला निवेदक यात सर्वात आधी जातो.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांना चालना, हा त्यामागचा एक घोषित हेतू आहे.