तहान नेमकी कशाची लागते?

काहीतरी खारट खाल्लं की थोड्याच वेळात घटाघटा पाणी प्यावंसं वाटतं. खरं तर तेवढ्या वेळात शरीरातलं पाणी फारसं घटलेलं नसतं. वाढलेलं असतं ते मीठ. मेंदू पाण्याचा हिशेब लिटरमध्ये ठेवतच नाही. पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार यांचं प्रमाण बिघडलं की तो जागा होतो.

प्रौढ माणसाच्या वजनात साधारण ५० ते ६० टक्के पाणी असतं आणि त्यातलं सुमारे दोन तृतीयांश पेशींच्या आत असतं. रक्तात क्षार वाढले की पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस भागात काही खास पेशी आहेत. पाणी गेल्यामुळे त्या किंचित आकसतात आणि हे आकसणं हाच इशारा ठरतो. क्षारांची तीव्रता जेमतेम एक-दोन टक्के वाढली तरी तहान लागते. रक्ताचं एकूण आकारमान घटल्याची दखल घेणारी दुसरी व्यवस्थाही आहे, पण तहानेच्या बाबतीत ती सुस्त. आकारमान दहाएक टक्क्यांनी घटेपर्यंत ती फारशी हलत नाही.

इशारा मिळताच तहानेबरोबर आणखी एक गोष्ट घडते. पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं आणि मूत्रपिंडांकडे जातं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. रक्तातला द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, असतो जेमतेम तीन लिटर. तोच दिवसभरात साठेक वेळा गाळला जातो. गाळलेल्यातलं जवळजवळ सगळं परत शोषलं जातं आणि लघवीवाटे जातं ते लिटर-दीड लिटर. शेवटच्या टप्प्यावर किती पाणी परत घ्यायचं हे व्हॅसोप्रेसिन ठरवतं. त्याचा निरोप येताच नलिकांच्या पेशी आत राखून ठेवलेली ॲक्वापोरिन नावाची प्रथिनं पृष्ठभागावर आणून बसवतात. ही प्रथिनं म्हणजे फक्त पाण्यासाठीच्या वाटा. ॲक्वापोरिनच्या शोधासाठी पीटर आग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सकाळची पहिली लघवी गडद पिवळी दिसते ती याच कारभारामुळे.

मला सगळ्यात नवल वाटतं ते तहान भागण्याचं. प्यायलेलं पाणी आतड्यातून रक्तात पुरेसं मिसळायला दहा मिनिटं तरी हवीत, पण समाधान वाटतं ते मिनिटाभरात. तोंड आणि घसा मेंदूला आगाऊ खबर देतात. उंदरांवरच्या प्रयोगांत पाणी चाटायला सुरुवात होताच तहानेचे चेतातंतू शांत होताना दिसले आहेत. ही सोय नसती, तर रक्त पूर्वपदावर येईपर्यंत आपण पीतच राहिलो असतो आणि गरजेच्या कितीतरी पुढे गेलो असतो.

मग रोज आठ पेले पाण्याचा नियम? अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने १९४५ साली प्रौढांसाठी दिवसाला अडीच लिटर पाण्याची शिफारस केली होती. त्यातलं बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं, असंही तिथेच म्हटलं होतं. आठ पेल्यांचं मूळ इथेच असावं असं अनेकांना वाटतं. तसं असेल तर लोकांनी आकडा उचलला आणि पुढचं वाक्य सोडून दिलं. जास्त पाण्याने शरीरातली ‘विषद्रव्यं धुऊन निघतात’ हाही असाच लाडका समज. निरोगी मूत्रपिंडं जादा पाणी मिळालं म्हणून अधिक सफाई करत नाहीत, लघवी तेवढी पातळ होते.

जास्त पाणी धोक्याचंही ठरू शकतं. मूत्रपिंडं तासाला फार तर लिटरभर पाणी बाहेर टाकतात. त्याहून भराभर पीत राहिलं की रक्तातलं सोडियम विरळ होतं, पाणी पेशींत शिरतं आणि मेंदूला सूज येते. कवटीत तर फुगायला जागा नसते. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम घसरलेलं आढळलं, आणि त्यामागचं मुख्य कारण धावताना प्यायलेलं जादा द्रव हे होतं.

तहानेवर सदासर्वदा विसंबता मात्र येत नाही. वय वाढतं तसा हा इशारा मंदावतो, त्यामुळे वृद्धांना तहान नसतानाही पाणी विचारावं लागतं. मुतखडा होऊन गेलेल्यांनी तहानेपेक्षा जास्तच प्यायला हवं, कारण लघवी पातळ राहिली तर खड्याचे स्फटिक सहजासहजी जमत नाहीत.

जुलाबाची गोष्ट आणखी वेगळी. त्यात पाण्याबरोबर क्षारही वाहून जातात, प्रमाण फारसं बिघडत नाही आणि धोका वाढत असूनही तहान तितकी लागत नाही. अशा वेळी नुसतं पाणी दिलं तर गेलेले क्षार भरून येत नाहीत. आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज यांना एकत्र आत घेणारं एक प्रथिन असतं आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत खेचलं जातं. कॉलऱ्यातसुद्धा ही वाट शाबूत राहते. जलसंजीवनीच्या पुडीत म्हणूनच मिठाइतकंच ग्लुकोजही गरजेचं. पुडी सांगितलेल्यापेक्षा कमी पाण्यात कालवली, तर तेच तीव्र द्रावण आतड्यात उलट पाणी ओढून घेतं आणि जुलाब वाढवतं.