शिलकी पालिका-मालमत्तेची विल्हेवाट (बेळगाव सीमाभाग)

नगरसंस्थेच्या उपयोगाची न राहिलेली जागा, इमारत, वाहने, यंत्रे किंवा भंगार विकणे, भाडेपट्ट्याने देणे अथवा दुसऱ्या सरकारी खात्याकडे वर्ग करणे. बेळगाव महापालिकेला याबाबत कर्नाटक महानगरपालिका अधिनियम, १९७६ लागू आहे. निपाणी, गोकाक यांसारख्या शहरांना कर्नाटक नगरपालिका अधिनियम, १९६४.

जंगम मालाचे काम त्यातल्या त्यात सरळ. संबंधित विभाग यादी करतो, अभियंता वस्तू निरुपयोगी ठरवतो, किमान किंमत निघते, माल दप्तरातून निर्लेखित होतो आणि लिलाव पुकारला जातो. कचरागाड्यांबाबत मात्र आता फारसा विचार करावा लागत नाही: पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी व पालिकेच्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकृत होत नाही, आणि ती नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडावी लागतात. तोडलेल्या झाडांच्या लाकडाचाही लिलाव होतो. पण झाड तोडण्याआधी कर्नाटक वृक्षसंरक्षण अधिनियम, १९७६ नुसार परवानगी हवी.

खरी गुंतागुंत जागेची. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, म्हणून जुन्या जागांचे कागद त्या अमदानीतले आहेत आणि शहरात सीटीएस नंबर, म्हणजे नगर भूमापन क्रमांक, आजही चालतो. एखादा रिकामा तुकडा पालिकेचा, महसूल खात्याचा की देवस्थानाचा, हे ठरेपर्यंत फाइल पुढे सरकत नाही. पालिकेचाच ठरला तरी तो विकता येईलच असे नाही. उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागांना १९८५ च्या स्वतंत्र कायद्याचे संरक्षण आहे. रस्ता सार्वजनिक वापरात असेपर्यंत त्याचाही सौदा होत नाही.

मंजुरीची उतरंड कायद्यातच आहे. किरकोळ किमतीच्या वस्तू आणि अल्प मुदतीचे भाडेपट्टे आयुक्तांच्या अधिकारात येतात, त्याहून मोठे व्यवहार स्थायी समितीपुढे आणि पुढे सर्वसाधारण सभेपुढे जातात. मोठ्या स्थावर व्यवहारांना राज्य सरकारची मान्यता लागते. व्यवहारात विक्रीपेक्षा भाडेपट्टाच अधिक. व्यापारी संकुलांतले गाळे अनामत घेऊन बोलीने दिले जातात. मुदत संपली की जुना गाळेधारक जुन्याच भाड्यावर अडून बसतो, काही वेळा गाळ्यात पोटभाडेकरू निघतो, आणि प्रकरण न्यायालयात गेले की लिलाव लांबतो. बुडालेल्या भाड्याचा विचार केला तर पालिकेचे नुकसान स्वस्तात विकलेल्या भंगारापेक्षा इथेच जास्त होते.

या उतरंडीतली मधली पायरी बेळगावात अनेकदा रिकामी राहिली. महाराष्ट्रात विलीनीकरणाचा ठराव केल्यावर २००५ मध्ये राज्य सरकारने महापालिका बरखास्त केली. पुढे २०१९ मध्ये सभागृहाची मुदत संपली, ५८ प्रभागांची निवडणूक सप्टेंबर २०२१ मध्ये झाली आणि महापौर मिळायला फेब्रुवारी २०२३ उजाडला. अशा काळात सभागृहाचे अधिकार प्रशासकाकडे जातात. कायद्याने यात खोट नाही. फक्त प्रभागातली जागा कोणत्या अटींवर जाते हे उघड सभेत विचारणारा नगरसेवक नसतो. ठराव, नोटिसा व सभेची कागदपत्रे मराठीतही मिळावीत ही मराठी भाषकांची जुनी मागणी आहे. लिलावाच्या बाबतीत ती निव्वळ अस्मितेची नाही: शहापूर, वडगाव, अनगोळ भागातल्या छोट्या व्यापाऱ्याला नोटिशीतल्या अटी नीट वाचता आल्या तरच तो बोलीत उतरेल, आणि बोली लावणारे वाढले तर भावही चढेल.

शहरातली प्रत्येक सरकारी जागा पालिकेची नसते, हे खरेदीदार हमखास विसरतात. रामतीर्थनगरसारख्या वसाहती नगरविकास प्राधिकरणाने, म्हणजे बुडाने, वसवल्या. तिथल्या भूखंडांचे वाटप व लिलाव १९८७ च्या वेगळ्या कायद्याखाली होतात. कॅम्पातील, म्हणजे लष्करी छावणी (कँटोन्मेंट) भागातील, जमीन संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत असून तिच्या व्यवहारात महापालिकेला अधिकार नाही.