पाऊल कुठे संपते? अमेरिकेतील पोडियाट्री परवान्यामागचा इतिहास

अमेरिकेत पावलांच्या विकारांवर उपचार करणाऱ्या पोडियाट्रिस्टला ज्या राज्यात दवाखाना थाटायचा असेल त्या राज्याचा परवाना घ्यावा लागतो. त्यासाठीचा अर्ज जुन्या वाड्यासारखा आहे, कारण त्याची प्रत्येक खोली वेगळ्या पिढीने आपापल्या गरजेनुसार बांधलेली आहे. मान्यताप्राप्त महाविद्यालयाची डीपीएम (डॉक्टर ऑफ पोडियाट्रिक मेडिसिन) ही पदवी, राष्ट्रीय परीक्षेच्या तिन्ही भागांचे गुण, रेसिडेन्सी म्हणजे पदवीनंतरचे रुग्णालयातील प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला, याआधी ज्या ज्या राज्यांत परवाना घेतला असेल तिथल्या परवाना देणाऱ्या बोर्डांची पत्रे, बोटांचे ठसे आणि काही राज्यांत तिथल्या कायद्यावरची वेगळी परीक्षा, असा हा ऐवज असतो. राज्याराज्यांतील तपशिलाचे फरक मोठे आहेत आणि ते समजून घ्यायचे तर कुरूप काढणाऱ्या कारागिरांपासून सुरुवात करावी लागते.

आपल्याकडे जसे नऱ्हाणी घेऊन बसलेल्या न्हाव्यासमोर नखांबरोबर कुरूपासाठीही पाय पुढे केला जाई, तसेच एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी शहरांत कुरूपे आणि आत वाढलेली नखे काढणारे लोक असत आणि ते स्वतःला कायरोपॉडिस्ट म्हणवून घेत. त्यांना ना शाळा होती ना परीक्षा. त्यांचा परवाना म्हणजे नामवंत गिऱ्हाइकांनी लिहून दिलेली प्रशस्तिपत्रे, आणि ती जमवण्यात इझाकार झकारी या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या गृहस्थाचा हात कोणी धरू शकला नसता. सप्टेंबर 1862 मध्ये, म्हणजे गुलामांच्या मुक्तीची प्राथमिक घोषणा निघाली त्याच सुमारास, खुद्द राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी त्याला एका वाक्याचे पत्र दिले. झकारीने आपल्या पावलांवर केलेले काम अत्यंत यशस्वी झाले असून आपल्या सुखात चांगलीच भर पडली आहे, असा त्याचा आशय होता. न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने त्यावर विनोदही केला, की ज्याला कुरूपे छळत होती तो राष्ट्राध्यक्ष पाय रोवून उभा राहणार तरी कसा? विशेष म्हणजे या झकारीच्या नावावर निघालेले पावलाच्या विकारांवरील पुस्तक बरेचसे दुसऱ्याच्या ग्रंथातून उचललेले होते. राष्ट्राध्यक्षांच्या शिफारशीने माणसाचा हात चांगला असल्याची ग्वाही मिळत होती. विद्येची तपासणी मात्र कोणीच करत नव्हते.

ही तपासणी करण्याचा अधिकार केंद्राकडे नव्हे तर राज्यांकडे का गेला, याचे उत्तर अमेरिकी राज्यघटनेत आहे. जनतेचे आरोग्य आणि सुरक्षितता यांसाठी नियम करण्याची सत्ता तिथे मूलतः राज्यांची मानली जाते. वेस्ट व्हर्जिनिया राज्याने 1881 मध्ये वैद्यकासाठी परवान्याचा कायदा केला आणि नामांकित महाविद्यालयाची पदवी, दहा वर्षांचा अनुभव किंवा परीक्षा यांपैकी एकाची अट घातली. फ्रँक डेंट नावाच्या वैद्याजवळ सिनसिनाटीच्या महाविद्यालयाची पदवी होती, परंतु ते महाविद्यालय बोर्डाला नामांकित वाटले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1889 मध्ये न्यायालयाने राज्याच्या बाजूने निर्णय दिला. कोणते महाविद्यालय ग्राह्य धरायचे हे राज्य ठरवू शकते, हा दंडक तेव्हापासून पक्का झाला. आज अर्जावर पदवी कोणत्या संस्थेची हा प्रश्न असतो आणि उत्तरादाखल काउन्सिल ऑन पोडियाट्रिक मेडिकल एज्युकेशनची मान्यता असलेल्या मोजक्या महाविद्यालयांचीच नावे चालतात, त्याचे मूळ इथे आहे. पुण्यामुंबईत मधुमेही पावलांवर वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया केलेल्या निष्णात सर्जनलाही त्या अनुभवाच्या बळावर अमेरिकेत पोडियाट्रिस्ट म्हणून अर्ज करता येत नाही, तेही यामुळेच.

कायरोपॉडिस्टांनी स्वतः परवान्याची मागणी केली ती 1895 मध्ये न्यूयॉर्कला. त्या वर्षी स्थापन झालेल्या पेडिक सोसायटीला राज्याच्या कायद्याने उमेदवारांची परीक्षा घेऊन परवाना देण्याचा अधिकार दिला. धंदेवाल्यांनीच धंद्याचे दार राखायचे अशी ही व्यवस्था आज विचित्र वाटेल, पण त्या काळी ती नवलाची नव्हती. खरी अडचण वेगळीच होती. परीक्षा होती, पण तिच्यासाठी शिकायचे कुठे, हा प्रश्न अनुत्तरित होता. 1911 मध्ये न्यूयॉर्कमध्ये कायरोपॉडीची शाळा निघाली आणि तिच्या उभारणीत मॉरिस ल्युई हे डॉक्टर पुढे होते. ते स्वतः कायरोपॉडिस्ट नव्हते, तर राज्याच्या वैद्यकीय परीक्षक मंडळाचे सचिव होते, म्हणजे परवाना देणाऱ्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून त्यांनी हा सारा व्यवहार पाहिला होता. पोडियाट्री हा शब्द रूढ करण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. ग्रीक भाषेत कायरो म्हणजे हात. त्यामुळे जुन्या नावात हात आणि पाय दोन्ही येत, तर नव्या नावात पाऊल आणि वैद्य एवढेच उरले. जवळजवळ शंभर वर्षांचे आयुष्य लाभलेल्या ल्युईंच्या डोळ्यांदेखत सुरुवातीचा छोटा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने चार वर्षांचा झाला.

पुढची काही दशके संस्था उभारण्यात गेली. कायरोपॉडिस्टांची राष्ट्रीय संघटना 1912 ची, राज्यांच्या पोडियाट्री बोर्डांचा महासंघ 1936 चा, तर राष्ट्रीय परीक्षक मंडळ 1956 चे. आज अर्जदाराला आपले गुण स्वतः पाठवता येत नाहीत. ते या महासंघामार्फत शुल्क भरून थेट बोर्डाकडे जातात. त्यात 1990 पासून आणखी एक भर पडली. डॉक्टरांवरील नुकसानभरपाईचे दावे आणि शिस्तभंगाची कारवाई यांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय डेटा बँक त्या वर्षी सुरू झाली, कारण एका राज्यात परवाना गमावलेला डॉक्टर शेजारच्या राज्यात जाऊन नव्याने पाटी लावतो अशी तक्रार होती.

पैशाच्या दृष्टीने सर्वांत मोठे वळण 1967 चे. वृद्धांसाठीच्या मेडिकेअर योजनेत त्या वर्षी दुरुस्ती झाली आणि पोडियाट्रिस्टचा समावेश फिजिशियनच्या व्याख्येत झाला. मात्र राज्याने त्याला जी कामे करण्याची मुभा दिली असेल तेवढ्यांपुरताच. केंद्राने देयकाची जबाबदारी घेतली आणि मर्यादा आखण्याचे काम पुन्हा राज्यांवर सोपवले. त्याच दुरुस्तीने कुरूपे काढणे आणि नखे कापणे यांसारखी नेहमीची कामे सर्वसाधारणपणे योजनेबाहेर ठेवली, म्हणजे ज्या कामावर हा व्यवसाय जन्मला आणि ज्यासाठी लिंकननी पत्र लिहिले, नेमके तेच देयकातून वगळले गेले.

राज्य मर्यादा आखणार म्हणजे पाऊल कुठे संपते हे राज्य ठरवणार. मराठीत पाय म्हटले की मांडीपासून बोटापर्यंत काहीही चालते, त्यामुळे हा वाद आपल्याला चटकन समजावा. टेक्ससच्या कायद्यात पोडियाट्रीची व्याप्ती मानवी पावलापुरती होती, पण पाऊल म्हणजे काय हे कायद्याने सांगितलेले नव्हते. 2001 मध्ये तिथल्या पोडियाट्री बोर्डाने नियम करून पावलाची व्याख्या केली. टिबिया आणि फिब्युला ही नडगीची हाडे टेलस या घोट्याच्या हाडाला जिथे मिळतात तो सांधा, तिथून बोटांपर्यंतची सर्व हाडे आणि त्यांना येऊन जुळणारे स्नायू, नसा, रक्तवाहिन्या, अस्थिबंध असे सर्व काही त्यात होते. घोटा म्हणजे पाऊलच, असा याचा सरळ अर्थ. अस्थिशल्यविशारदांची संघटना आणि राज्याची वैद्यकीय संघटना न्यायालयात गेल्या. पावलापर्यंत पोचणाऱ्या स्नायूंचा मागोवा घेतला तर तो पोटरीपर्यंत जातो, हा त्यातला अडचणीचा मुद्दा होता, आणि 2008 मध्ये ऑस्टिनच्या अपील न्यायालयाने बोर्डाने आपल्या अधिकाराबाहेर जाऊन हा नियम केल्याचे सांगून तो रद्द ठरवला. माझ्या मते न्यायालयाचे म्हणणे कायद्याला धरून होते, परंतु तीन वर्षांच्या रेसिडेन्सीत घोट्याच्या शस्त्रक्रिया शिकून आलेल्या तरुण पोडियाट्रिस्टला ते पटणे कठीण होते. पुढे 2017 मध्ये ते स्वतंत्र बोर्डच मोडीत निघून त्याचे काम राज्याच्या सर्वसाधारण परवाना खात्याकडे गेले.

न्यूयॉर्कने हाच प्रश्न न्यायालयाऐवजी विधिमंडळात सोडवला. तिथे पोडियाट्रिस्टची हद्द पावलाशी संपत होती, ती 2012 च्या कायद्याने घोट्यापर्यंत वाढवली आणि फेब्रुवारी 2014 पासून हा बदल अमलात आला. मात्र घोट्यावर शस्त्रक्रिया करायची तर नुसता परवाना पुरत नाही. साध्या शस्त्रक्रियांसाठी एक आणि अधिक अवघड शस्त्रक्रियांसाठी दुसरी अशा दोन स्वतंत्र परवानग्या ठेवलेल्या असून त्या प्रशिक्षणाचे पुरावे जोडून वेगळ्या मागाव्या लागतात. हे सगळे कागद जातात ते आरोग्य खात्याकडे नव्हे, तर राज्याच्या शिक्षण खात्याकडे, कारण न्यूयॉर्कमध्ये व्यवसायांचे परवाने हा शिक्षणाचाच भाग मानला जातो. एमडी आणि डीओ (ऑस्टिओपॅथिक वैद्यकाची पदवी) असलेल्या डॉक्टरांसाठी अनेक राज्यांनी मिळून परवाना सुलभ करणारा आंतरराज्य करार केला असला तरी पोडियाट्रिस्ट त्यात नाहीत. त्यामुळे ऑस्टिनहून न्यूयॉर्कला बिऱ्हाड हलवणाऱ्या पोडियाट्रिस्टला टेक्ससचे पत्र, महासंघाकडचे गुण आणि डेटा बँकेचा अहवाल नव्याने मागवून अर्ज पहिल्या रकान्यापासून भरावा लागतो.