टोयॉनची लाल फळं कुणासाठी?

डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या टेकड्यांवर एक झुडूप दुरूनही नजरेत भरतं. गडद हिरव्या, करवती कडांच्या पानांवर लाल फळांचे घोसच्या घोस लगडलेले असतात. हा टोयॉन. शास्त्रीय नाव हेटेरोमेलेस आर्ब्युटिफोलिया, आणि या प्रजातीत ही एकच जाती आहे. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागापासून मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत हे सदाहरित झुडूप वाढतं. एरवी माणसापेक्षा थोडं उंच, पण सावलीत जुनं झालं तर चांगलं झाडाएवढं होतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या ओलोनी या मूळ रहिवाशांच्या भाषेतून ‘टोयॉन’ हे नाव आलं. युरोपातून आलेल्या वसाहतकारांना मात्र ती लाल फळं पाहून आपल्या मायदेशातली, नाताळच्या सजावटीत वापरतात ती हॉली आठवली आणि ते याला ‘कॅलिफोर्निया हॉली’ म्हणू लागले. हॉलिवूडचं नाव यावरूनच पडलं, असं तिथे आजही ठासून सांगतात. पुरावा पाहिला तर ही गोष्ट डळमळीत आहे. जमिनीचे व्यावसायिक हार्वे विल्कॉक्स यांनी १८८७ मध्ये त्या जागेचा नकाशा नोंदवला, तेव्हा त्यावर हॉलिवूड हे नाव होतं. ते त्यांच्या पत्नी डाएडा यांना सुचलं, आगगाडीत भेटलेल्या एका बाईंच्या घराचं ते नाव होतं, असं बहुतेक वेळा सांगितलं जातं. टोयॉनची कथा ऐकायला गोड आहे, पण ती सिद्ध झालेली नाही.

खरी हॉली आणि टोयॉन यांचं नातंही फार दूरचं. हॉली ही आयलेक्स प्रजातीतली; तिच्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, फळं फक्त मादीला लागतात. टोयॉन गुलाबाच्या कुळातला, म्हणजे सफरचंद आणि नासपतीचा भाऊबंद. त्याचं फूल द्विलिंगी असतं. वाटाण्याएवढं एक फळ हातात घेऊन देठाच्या उलट टोकाकडे पाहिलं, तर तिथे फुलाच्या वाळलेल्या निदलांचा छोटासा पाचकोनी तारा दिसतो. सफरचंदाच्या तळाशी असतो तोच. लोक याला बेरी म्हणत असले, तरी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने टोयॉनचं फळ म्हणजे चिमुकलं सफरचंदच आहे.

ही भावकी रसायनातही उतरली आहे. सफरचंदाच्या बियांत असतात तशी सायनाइड तयार करणारी संयुगं टोयॉनच्या पानांत आणि फळांत असतात. एरवी ती निरुपद्रवी असतात, कारण त्यांना फोडणारं विकर पेशीत वेगळ्या जागी ठेवलेलं असतं. पान चावलं, पेशी चिरडल्या, की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. आपल्या उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून बनतो, त्या कसाव्याचाही बचाव असाच आहे.

मला या झुडपाचं सर्वात जास्त कौतुक वाटतं ते त्याच्या वेळापत्रकाचं. जून-जुलैत, आसपासचा डोंगर वाळत चाललेला असताना, त्याला पांढऱ्या फुलांचे तुरे येतात आणि त्यांवर मधमाश्यांची झुंबड उडते. मग फळं धरतात. हिरव्या फळाच्या गरात तुरट टॅनिन आणि सायनाइडची संयुगं भरपूर असतात, म्हणजे बी तयार होण्याआधी कुणी फळ खाऊ नये. शरदात फळ पिकू लागलं की गरातलं विष ओसरतं आणि बियांमध्ये वाढतं. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा बदल ऋतूंनुसार मोजून दाखवला होता. गर खा, बी चावू नका, असा तो चोख व्यवहार आहे. अमेरिकन रॉबिन, मॉकिंगबर्ड, सीडर वॅक्सविंग हे पक्षी तो तंतोतंत पाळतात: फळ अख्खं गिळतात आणि बी जशीच्या तशी दुसरीकडे टाकतात. लाल रंग आहे तो त्यांच्यासाठी. कायोटी (लांडग्यासारखा तिथला प्राणी) आणि अस्वलंही ही फळं खातात.

माणसंही यात सामील होती. चुमाश, तोंग्वा, ओलोनी अशा मूळ रहिवासी समाजांत फळं भाजून किंवा शिजवून खायची पद्धत होती. आचेवर उरलंसुरलं सायनाइड उडून जातं आणि तुरटपणाही कमी होतो. म्हणजे कच्चं न खाता भाजून खावं, हे ज्ञान रसायनशास्त्र जन्मायच्या कितीतरी आधी या टेकड्यांवर होतं, आणि त्याची नोंद आदराने घ्यायला हवी.

त्यानंतर आलेल्यांनी टोयॉनला वेगळ्याच कारणासाठी ओरबाडलं. १९२० च्या दशकात नाताळच्या सजावटीसाठी फांद्या तोडण्याचं वेड लॉस एंजेलिसमध्ये इतकं वाढलं, की सरकारी जमिनीवर किंवा दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत परवानगीशिवाय झुडपं तोडण्यावर राज्याला कायद्याने बंदी आणावी लागली. हॉलीसारखं दिसणं या झुडपाला चांगलंच महागात पडलं.

त्याचं स्वतःचं नाव मात्र राज्यभर पसरलं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात टोयॉन नावाचं वसतिगृह आहे. कॅटालिना बेटावर टोयॉन बे आहे, जिथे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तचर संघटनेची माणसं प्रशिक्षण घेत होती. आणि लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये टोयॉन कॅनियन आहे. या दरीत १९८५ पर्यंत शहराचा कचरा टाकला जात होता. ती कचऱ्याने भरून गेली. त्या नावाची घळ आज पाहायला मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०१२ मध्ये त्याच शहराने टोयॉनला आपली अधिकृत स्थानिक वनस्पती म्हणून मान दिला.

या टेकड्यांवर वणवा नवा नाही. आग लागली की टोयॉनचा वरचा सगळा भाग जळून जातो, पण बुंध्याशी, जमिनीलगत लाकडाची एक जाड गाठ असते. तिच्यात सुप्त डोळे आणि साठवलेलं अन्न असतं, त्यामुळे काळ्या राखेतून लवकरच नवे धुमारे फुटतात. चापराल नावाच्या या झुडपी रानातल्या अनेक जातींचं बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं आणि आगीनंतरच रुजतं. टोयॉनचं बी तसं थांबत नाही. ते अल्पायुषी असतं, आणि रोप तगतं ते मोठ्या झाडाझुडपांच्या सावलीत, पालापाचोळ्याच्या ओलाव्यात. पक्षी ज्या फांदीवर विसावतो तिच्याखालीच बी पडतं, त्यामुळे सावलीची जागाही बऱ्याचदा तोच निवडून देतो. रोप सावलीत असेपर्यंत पानं आडवी पसरून मिळेल तेवढा प्रकाश घेतं. उन्हातल्या फांद्यांवर हीच पानं उभी राहतात, म्हणजे दुपारचा ताप थेट लागत नाही.

म्हणून जुनं झुडूप वणव्यातून वाचत असलं, तरी नव्या पिढीला वणव्याविना बराच काळ मिळावा लागतो. दक्षिण कॅलिफोर्नियात आता बहुतेक आगी माणसांमुळे लागतात, आणि शहरांच्या कडेला त्या फार लवकर लवकर लागू लागल्या आहेत. एकाच उतारावर थोड्या वर्षांत पुन्हापुन्हा आग फिरली, की गाठीतला साठा संपत जातो, सावली देणारी झुडपं उरत नाहीत आणि त्या जागी परदेशी वार्षिक गवत माजतं. हे गवत उन्हाळ्यात वाळतं आणि पुढची आग आणखी सहज पेट घेते. तिथे पक्ष्याने बी आणून टाकलं तरी त्याला सावली मिळत नाही.