पीपीटी-१ की टीपीपी-१? अक्षरं तीच, कामं वेगळी

सांगली-मिरजेत लहान मुलाच्या फिट्सचा तपास लांबला की कधीतरी चिठ्ठीवर ही दोन नावं येतात. दोन्ही लायसोसोममधली (पेशीतला कचरा निस्तरणाऱ्या पिशवीतली) एन्झाइम, दोन्हींच्या अभावाने बॅटन आजार, म्हणजे मुलाच्या मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार होतो: पीपीटी-१ नसेल तर सीएलएन-१, टीपीपी-१ नसेल तर सीएलएन-२. अक्षरांची अदलाबदल झाली की तपासणीच भलतीची होते.

उसाच्या फडात उभं राहून पाहा. पीपीटी-१ पाचट काढतं: प्रोटीनला चिकटलेली पामिटेट या फॅटी ॲसिडची शेपटी सोडवतं. टीपीपी-१ हा कोयता. प्रोटीनच्या साखळीच्या सुरुवातीच्या टोकाकडून तीन-तीन अमिनो ॲसिडची कांडी तोडत जातो. पेशीत घडतो तेव्हा मात्र तो बोथट असतो. लायसोसोमच्या आम्लात स्वतःचाच एक भाग छाटून टाकतो, तेव्हा कुठे धार येते.

एन्झाइम नसल्याने पेशीत साठणारा मालही निराळा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली सीएलएन-१ मध्ये बारीक कण दिसतात, सीएलएन-२ मध्ये आखूड, वाकड्या शेवयांसारखं काहीतरी.

सीएलएन-१ बहुधा ६ ते २४ महिन्यांत दिसू लागतो. सीएलएन-२ मध्ये बोलणं मागे राहतं आणि २ ते ४ वर्षांच्या दरम्यान फिट्स सुरू होतात. पण वयावर विसंबू नका, दोन्हींचे उशिरा दिसणारे प्रकार आहेत.

म्हणून एकाच रक्तकार्डावर (रक्ताचे थेंब वाळवून पाठवायच्या कागदी कार्डावर) दोन्ही एन्झाइम मोजायला सांगा. एक कमी आणि दुसरं व्यवस्थित, तर निकालात दम आहे. दोन्ही कमी आली, तर आधी कार्डावर शंका घ्या. थेंब वर्तुळभर, मागच्या बाजूपर्यंत झिरपू द्या. कार्ड आडवं ठेवून सावलीत किमान ३-४ तास वाळवा. उन्हात किंवा हेअर ड्रायरने नको, उष्णतेने एन्झाइम मरतं. साताऱ्याच्या पावसाळ्यात जास्त वेळ द्या आणि पाकिटात ओल शोषणारी पुडी टाका. निकाल कमी आला तर जनुकतपासणीने पक्का करायचाच.

घाई कशासाठी, तर सीएलएन-२ वर औषध आहे. सर्लिपोनेज अल्फा, अमेरिकेत २०१७ पासून मंजूर: दर १४ दिवसांनी, नेहमीची मात्रा ३०० मिलिग्रॅम, थेट मेंदूच्या पोकळीत. शिरेतून दिलं तर मेंदूपर्यंत पोचत नाही. गेलेलं परत येत नाही, घसरण मंदावते; म्हणून प्रत्येक महिना मोलाचा. सीएलएन-१ साठी असं मंजूर एन्झाइम नाही.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात, तिथे आईवडील दोघेही वाहक (स्वतः निरोगी, पण जनुकाची एक प्रत सदोष) असण्याची शक्यता वाढते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के. आधीच्या मुलाच्या जनुकातले दोन्ही दोष सापडलेले असतील, तरच साधारण ११व्या आठवड्यात वारेच्या तुकड्यावरून नेमकं सांगता येतं. जनुकतपासणीचा तो कागद जपून ठेवा.