हळू चालवल्याने बिट का जळते?

सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या सूचनांनुसार लाकूड कापणारे यंत्र, नव्याने हाताळणाऱ्याच्या मनात एक समज घट्ट बसलेला असतो: मशीन हळू चालवले की बिट, म्हणजे त्यातले फिरते कापणारे पाते, टिकते. याच समजापायी मी 18 मिलिमीटर जाडीच्या एमडीएफचा (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेल्या फळीचा) 8 बाय 4 फुटी अख्खा तक्ता आणि 6 मिलिमीटरचे कोरे कार्बाइड बिट एकाच दुपारी वाया घालवले. खाचेच्या कडा चॉकलेटी झाल्या, करपल्याचा वास सुटला आणि घाबरून मी फीड, म्हणजे बिट लाकडात पुढे सरकण्याचा वेग, आणखी कमी केला.

ही चूक आकडेमोड केल्यावरच उमगली. दोन धारांचे बिट मिनिटाला 18,000 फेरे घेते, तेव्हा मिनिटाला 36,000 काप होतात. फीड मिनिटाला 3,600 मिलिमीटर असेल, तर प्रत्येक धारेच्या वाट्याला जास्तीत जास्त 0.1 मिलिमीटर जाडीची ढलपी येते. मी फीड 600 वर आणल्याने ती 0.017 मिलिमीटरवर आली. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक धार थोडी गोलसरच दिसते आणि ढलपी त्या गोलाईच्या मापाजवळ आली, की धार लाकडात शिरण्याऐवजी त्याला दाबत घासत जाते. शिवाय, पूर्ण रुंदीची खाच पाडताना धार प्रत्येक फेऱ्यात अर्धा परीघ, म्हणजे सुमारे 9.4 मिलिमीटर, लाकडाला चिकटून चालते. एक मीटर खाचेसाठी 3,600 च्या फीडला 5,000 फेरे लागतात आणि प्रत्येक धार 47 मीटर घासते. 600 ला 30,000 फेरे आणि सुमारे 283 मीटर! लाकूड उष्णतेचे मंदवाहक असल्याने ती उष्णता बाहेर नेण्याचे काम बरेचसे ढलपीच करते. भुकटी ते काम कसे करणार?

बिटे वारंवार जळतात म्हणून स्पिंडलला (बिट फिरवणाऱ्या मोटरला) लिंबू-मिरची बांधलेली मी पाहिली आहे. खंडेनवमीला मशीनची पूजा जरूर करावी, परंतु फेरे आणि फीड यांचे गुणोत्तर लिंबाने बदलत नाही.

फीड वाढवण्याची धास्ती वाटत असेल, तर फेरे 9,000 वर आणून फीड 1,800 ठेवावा. ढलपी तेवढीच राहते. मात्र कमी फेऱ्यांवर स्पिंडलची ताकदही घटते, म्हणून कापाची खोली कमी ठेवावी लागते. सागवानात ढलपी चिमटीत धरून तपासता येते. एमडीएफचा भुसा मुळातच बारीक असल्याने तेथे रंग आणि वास यांवरच भिस्त ठेवावी. वास आल्यास मशीन थांबवून धूळ ओढणाऱ्या यंत्राची पिशवी घराबाहेर रिकामी करावी, कारण आत ओढला गेलेला निखारा भुशात तासन्‌तास धुमसू शकतो. माझ्या पिशवीतून धूर निघाला, तेव्हा मशीन बंद करून दोन तास उलटले होते.